डाव्या बाजूची गाठ

चष्म्याची भिंगं तयार करणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे दुर्बीणबाई म्हणत. तिचं काम शेवटच्या टेबलावरचं. घासून, पॉलिश होऊन आलेलं प्रत्येक भिंग दिव्यासमोर धरायचं, दोन बोटांत फिरवायचं आणि त्यात बुडबुडा, चरा, लाट असलं काही दिसलं की बाजूच्या लाल ट्रेमध्ये टाकायचं. मशीनवरची माणसं तिच्या नावाने बोटं मोडायची. "या बाईला डोळे आहेत की एक्स-रे?" असं तिच्या तोंडावर म्हणायची. ती हसायची आणि आणखी एक भिंग लाल ट्रेमध्ये टाकायची.

अशा बाईला स्वतःच्या अंगातली गाठ सापडायला कितीसा वेळ लागणार?

गुरुवारची दुपार होती. मुलगी पाच महिन्यांची झाली होती आणि ती कामावर परत येऊन जेमतेम महिना झाला होता. पॅकिंगच्या खोलीमागे रिकाम्या खोक्यांची एक अडगळीची खोली होती. तिथे एक प्लास्टिकची खुर्ची टाकून, दाराला आतून दोरी बांधून ती रोज दुपारी वीस मिनिटं पंपाने दूध काढायची. पण त्या आठवड्यात मोठी ऑर्डर आली होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस तिने दुपारची वेळ चुकवली. "आता घरी गेल्यावर पाजेन," असं म्हणत छाती दगडासारखी जड होईपर्यंत बसून राहिली. गुरुवारी शेवटी उठली. पंप लावण्याआधी तिने सवयीने छातीवरून हात फिरवला, आणि डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, बोटं थांबली.

गोटीएवढी गाठ. गोल, टणक.

तिने हात काढला. पुन्हा लावला. होती. दूध काढून झाल्यावर जाईल, असं वाटून तिने पंप लावला, बाटली भरली, आणि पुन्हा चाचपून पाहिलं. होतीच. दाबली तरी दुखत नव्हती. दुखली असती, तर ती एवढी घाबरली नसती. न दुखणारी गाठ वाईट, असं तिने ऐकलं होतं, आणि आईही गाठीनेच गेली होती.

खुर्चीवर ती किती वेळ तशीच बसून राहिली, कोण जाणे. बाहेरून कोणीतरी दार ठोठावलं, "दुर्बीणबाई, झोपलात की काय?" तेव्हा ती उठली आणि बाटलीतलं सगळं दूध तिने मोरीत ओतून दिलं.

आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि धाकटा भाऊ दीड वर्षाचा. आईच्या त्या आजारातल्या तिला तीनच गोष्टी आठवत होत्या. आई खिडकीशी बसून भावाला अंगावर पाजायची. एक दिवस स्वयंपाकघराच्या दारामागे आई आणि मावशी कुजबुजत होत्या, आणि मावशीचे शब्द तिच्या कानावर पडले होते, "अगं, दूध साकळलंय." आणि त्यानंतर काही महिन्यांनी आई वाळत गेली, पलंगावरून उठेनाशी झाली, आणि एका सकाळी घरात माणसांची गर्दी झाली. अकरा वर्षांच्या डोक्याने या तीन गोष्टींची आपल्या परीने सांगड घातली होती. बाळाला पाजलं, दूध साकळलं, आई गेली. ते चूक आहे असं सांगणारं कोणी भेटलंच नाही, कारण त्या घरात आईच्या आजाराचा विषय निघाला की वडील उठून बाहेर जायचे. आता तर वडीलही राहिले नव्हते. दोन्ही पोरांना ज्या मावशीने वाढवलं, ती या विषयावर तोंडाला कुलूप लावून बसलेली.

म्हणून दिवस राहिले तेव्हाच तिने मनाशी पक्कं केलं होतं, की आपण अंगावर पाजायचं नाही. डब्याच्या दुधावर काय मुलं वाढत नाहीत? पण बाळंतपणाच्या खोलीत एक आडदांड नर्स होती. तिने काही विचारलंच नाही. ओलं, उघडं बाळ उचललं आणि तिच्या छातीवर ठेवलं. बाळाने डोकं इकडेतिकडे घासलं, चुकलं, रडलं, आणि मग त्याला सापडलं. पोटात अशी कळ आली की ती ओरडलीच. नर्स म्हणाली, "येऊ दे कळ. बाळ ओढतं तशी पिशवी आवळते, रक्त जाणं कमी होतं. आणि हे पहिलं पिवळं दूध सांडायचं नाही हं, थेंबभर असलं तरी ती तिची पहिली लस आहे."

तिला नको म्हणायचं होतं. पण ते इवलंसं तोंड एवढ्या विश्वासाने लागलं होतं, की तिने त्याला तसंच धरून ठेवलं. त्या दिवसापासून पाच महिने तिने मुलीला पाजलं ते जीव मुठीत धरूनच. मुलगी मात्र गलेलठ्ठ होत गेली. तिला सांभाळायला त्यांच्याकडे राहायला आलेली मावशी तिला ठमी म्हणायची. त्या हिवाळ्यात शेजारच्या तीन घरांतली तान्ही पोरं जुलाब, खोकला, कान फुटणं यांनी हैराण झाली. ठमीला दोन दिवस सर्दी झाली आणि गेली. मावशीने तिच्या गालाला बोट लावून म्हटलं होतं, "आईच्या दुधाचा गुण आहे हो हा." तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आता तेच आठवून ती विचार करायची. गाठीतून काय उतरत असेल त्या दुधात?

त्या गुरुवारपासून तिने डावी बाजू बंद केली.

घरात कोणाला सांगितलं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींमध्ये लिफ्टच्या उभ्या पोकळीत लोंबकळून यायचा, आणि घरी आला की ठमीला खांद्यावर घेऊन "चौथा मजला, पाचवा मजला" करत उंच न्यायचा. त्या हसणाऱ्या दोघांकडे पाहून ती वर्षं मोजायची. आई गेली तेव्हा तेहतीस वर्षांची होती. तिला आता एकतिसावं होतं. म्हणजे दोन वर्षं. दोन वर्षांत ठमी बोलायला लागेल, पण आईचा चेहरा तिच्या लक्षात राहील का? भावाच्या नव्हताच राहिला.

मग तिने एक विचित्र गोष्ट सुरू केली. रोज सकाळी ती नवऱ्याला काही ना काही शिकवू लागली. लसीचं कार्ड कुठल्या खणात आहे. ताप आला तर औषध किती थेंब. कोणती टोपी घातली की पोरगी रडते. तो तीन दिवस मुकाट्याने ऐकत राहिला. चौथ्या दिवशी बूट घालता घालता म्हणाला, "तू कुठे निघालीयेस का?"

"मी? मी कुठे जाणार?"

"नाही, बदलीवर जाणारा साहेब चार्ज देतो ना, तसं चाललंय तुझं."

ती हसली. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली.

कारखान्यात तर आणखीच पंचाईत. सहाव्या दिवशी सुपरवायझर ट्रे घेऊन तिच्या टेबलाशी आला. नेहमी ओरडणारा माणूस, पण त्या दिवशी हळू आवाजात बोलला. "बाई, यात अकरा भिंगं चऱ्याची आहेत. तुमच्या हातून गेलीत. बरं नाही का?" तिने भिंग दिव्यासमोर धरलं. चरा एवढा ठळक होता की आंधळ्यालाही दिसला असता. तिला मात्र गेले पाच दिवस प्रत्येक काचेत एकच गोष्ट दिसत होती.

डॉक्टरकडे जावं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. दोनदा ती दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलीही. पण जोवर कोणी सांगितलेलं नाही तोवर ते खरं नाही, असं काहीतरी डोक्यात घर करून बसलं होतं. फाटकापाशी गेली की पाय आपोआप मागे वळायचे.

इकडे दूध कोणाच्या भीतीला भीक घालतंय? डावी बाजू तटतटली. गाठ गोटीएवढी होती ती लिंबाएवढी झाली. वरची कातडी तांबूस, गरम. ठमी त्या बाजूला तोंड न्यायची, की ती तिला ओढून उजवीकडे घ्यायची, आणि पोरगी चिडून टाहो फोडायची.

शनिवारी सकाळी, नवव्या दिवशी, तिला थंडी वाजून ताप भरला. दात कडकड वाजायला लागले. नवरा कामावर गेलेला. मावशी गोधडी घेऊन आली, अंगावर घालताना तिचा हात छातीला लागला आणि ही किंचाळली.

मावशी थांबली. तोंडाने फटकळ बाई, पण आता आवाज अगदी खाली आला. "काय दडवतेस?"

"काही नाही."

"नऊ दिवस पोरीला एकाच अंगाला घेतेयस. मला काय दिसत नाही? म्हटलं, असेल काही. काय आहे?"

तिने मावशीचा हात धरला आणि त्या जागेवर नेला. मावशीच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला तिने पाहिला आणि उरलासुरला धीरही सुटला. "मावशी, मला आईचंच झालंय," ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली.

तिला वाटलं होतं, मावशी रडेल, नाहीतर ओरडेल. मावशीने दोन्हीतलं काही केलं नाही. तिने जावयाला फोन लावला. "जावईबापू, असाल त्या मजल्यावरून खाली उतरा आणि हॉस्पिटलला या." मग ठमीला दुपट्यात गुंडाळलं, हिच्या अंगावर शाल टाकली, चपला पायापुढे सरकवल्या. "ऊठ."

"मावशी, मला भीती वाटते."

"मलाही वाटते. ऊठ."

हॉस्पिटलच्या बाहेरच्या लांबट व्हरांड्यात लोखंडी बाकं होती. त्यांचा नंबर सतरावा होता आणि आत बारावा चालू होता. समोरच्या भिंतीवर स्तन तपासणीचं चित्र लावलेलं होतं, त्याकडे पाहायचा तिला धीर होईना. ठमी मावशीच्या मांडीवर झोपली होती. मावशी तिच्याकडे न बघताच बोलायला लागली.

"तुझ्या आईला गाठ लागली तेव्हा तिने पहिल्यांदा मलाच दाखवली. दारामागे नेऊन. धाकटा तेव्हा चार महिन्यांचा होता. मी म्हटलं, अगं, दूध साकळलंय, गरम पाण्याने शेक, जाईल. मला काय अक्कल होती? मला स्वतःला दोनदा तशी गाठ झाली होती आणि गेली होती. ती शेकत राहिली. सहा महिने शेकत राहिली. मी विचारलं की म्हणायची, कमी आहे. कमी नव्हतीच. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायची." मावशीने ठमीच्या अंगावरचं दुपटं उगाचच सारखं केलं. "वीस वर्षं झाली. तुझ्या वडिलांना मी हे सांगितलं नाही."

दारामागचं ते वाक्य मावशीनेही वीस वर्षं सांभाळलं होतं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिने मावशीच्या हातावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता. तेवढ्यात जिना चढून नवरा आला, कामाच्या कपड्यांत, हाताला ग्रीस. तो तिच्याशेजारी बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही म्हणून स्वतःच्या काळ्या हाताकडे बघत राहिला.

डॉक्टर ठेंगण्या होत्या, पायाखाली छोटं स्टूल घेऊन बसायच्या. त्यांनी तपासलं, दोन्ही बाजू, काखा, मान. "किती दिवस?"

"नऊ."

"या बाजूने पाजणं कधी बंद केलं?"

"तेव्हापासूनच. दूध... म्हणजे बाळाला त्यातून काही..." तिचं वाक्य पुरं होईना. मग तिने सगळं सांगून टाकलं. आई, खिडकी, दारामागचे शब्द, सगळं. मावशी खाली मान घालून उभी होती.

डॉक्टरांनी तिला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "पहिली गोष्ट, तुमच्या आईंना पाजल्यामुळे काही झालं नाही. उलट ज्या बाया पाजतात, त्यांना छातीचा कॅन्सर व्हायची शक्यता थोडी कमी होते. जितके जास्त महिने पाजाल, तितकी कमी. बीजकोशाच्या कॅन्सरचीही. आता, पाजलं म्हणजे तो होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. तुमच्या आईंना झालाच ना. पण तो दुधाने आणला नाही. दुधाच्या नावाखाली तो लपला."

"आणि माझ्या पोरीला?"

"कॅन्सर दुधातून जात नाही. समजा असताच, तरी गेला नसता. नऊ दिवस तिला अर्ध्या घासावर ठेवलंत तुम्ही."

ते ऐकून तिला बरं वाटण्याऐवजी आणखीच गलबलून आलं.

"मग ही गाठ कसली?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्या अंदाजाने दूध अडलंय आणि त्यात आता पू होतोय. म्हणून ताप. पण अंदाजावर घरी पाठवणार नाही. काही बाया दुधाची गाठ असेल म्हणून घरी बसतात, काही कॅन्सर असेल या भीतीने घरी बसतात. घरी बसणं तेवढं दोघींचं सारखंच." त्यांनी मावशीकडे पाहिलं नाही, पण मावशीने डोळे पुसले. "आत्ता सोनोग्राफी करू, सुईने आतलं काढू आणि तपासायला पाठवू. पाजणाऱ्या बाईला यातलं सगळं चालतं."

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता आणि पडद्यावर करडं करडं काहीतरी हलत होतं. आयुष्यभर उजेडात दोष शोधणारी ती बाई त्या पडद्यापासून तोंड फिरवून डोळे घट्ट मिटून पडली होती. सुई गेली तेव्हा तिने नवऱ्याचा हात एवढा आवळला, की नंतर तो म्हणाला, "लिफ्टच्या दोरानेसुद्धा माझे हे हाल केले नव्हते." सुईतून घट्ट, पिवळट पांढरं असं काहीतरी आलं. डॉक्टर म्हणाल्या, "हे पाहा, दूधच, नासलेलं. मंगळवारी रिपोर्ट." पाजताना चालेल असं औषध लिहून दिलं. "गार पट्ट्या ठेवा. जोरात चोळायचं नाही, शेकायचं नाही. आणि आत्ता, इथेच, बाळाला डावीकडे घ्या."

"आत्ता?"

"आत्ता. रिकामं होणं हेच औषध आहे."

बाकावर बसून तिने ठमीला डावीकडे घेतलं. पोरीने एकदा आईच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा ओढून नेणार की काय असं बघावं तसं, आणि मग अधाशासारखी लागली. दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती ओठ चावून बसून राहिली. पोरगी घटाघटा गिळत होती आणि प्रत्येक घोटाला तिला वाटत होतं, की डॉक्टर चुकत असतील तर? अंदाज आहे, असंच म्हणाल्या ना त्या?

रविवार आणि सोमवार कसे गेले ते तिचं तिला ठाऊक. ताप उतरला, लाली उतरली, गाठ निम्म्यावर आली. तरी भीती तसूभर कमी झाली नाही. ती दर तासाला चाचपून बघायची. नवऱ्याने शेवटी कागदावर लिहून आरशाला चिकटवलं, "हात लावल्यास दंड," आणि ती त्या कागदावरच चिडली. मग त्याला धरून रडली. मावशी दोन दिवस देवापुढेही बसली नाही आणि जेवलीही नाही धड. नुसती गार पट्ट्या बदलत राहिली.

मंगळवारी डॉक्टरांनी पाकीट उघडून कागद वाचला, आणि वाचत असतानाच मान हलवली. "कॅन्सर नाही. दूध आणि पू." तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण उड्या मारू. तिने नुसतं विचारलं, "नक्की?" डॉक्टर म्हणाल्या, "नक्की. महिन्याभराने पुन्हा सोनोग्राफी करू, आतमध्ये काही उरलं तर कळेल. आणि तुमच्या आईंना लहान वयात झालं होतं, म्हणून तुम्हाला दरवर्षी यायचं आहे. भीती वाटली तरी यायचं."

मावशी व्हरांड्यात बाकावर होती. तिला सांगितलं तेव्हा तिने "बरं" एवढंच म्हटलं. मग उठता उठता पुन्हा खाली बसली.

कारखान्यात गेल्यावर तिने सुपरवायझरला सरळ सांगितलं, की ऑर्डर कितीही मोठी असो, दुपारची वीस मिनिटं माझी. तो म्हणाला, "घ्या हो, चऱ्याची भिंगं परत येण्यापेक्षा ते स्वस्त." दाराला दोरीऐवजी कडी बसली. गाठ महिन्याभरात विरघळून गेली. ठमीला सहा महिने पुरे झाल्यावर भरवायला सुरुवात झाली, तरी अंगावरचं दूध तिने पोरगी एक वर्ष आठ महिन्यांची होईपर्यंत चालू ठेवलं. शेवटी पोरगीच खेळाच्या नादात विसरायला लागली.

भीती मात्र गेली नाही. दरवर्षी तपासणीच्या दिवशी तिला सकाळी घास उतरत नाही. तिसऱ्या वर्षी नाव पुकारलं तेव्हा नवराही उठला. "तू बस," ती म्हणाली आणि एकटी आत गेली. आत कपडे बदलताना पाठीमागचा बंद तिला काही केल्या बांधता येईना, तो तिथल्या मदतनीस बाईंनी बांधून दिला.

त्या वर्षीही काही निघालं नाही. परतताना बसमध्ये ती खिडकीच्या काचेला डोकं टेकून अशी गाढ झोपली, की त्यांचा थांबा आला तरी नवऱ्याने तिला उठवलं नाही. दोन थांबे पुढे जाऊ दिले, मग हळूच खांद्याला हात लावला.